वाजल्याशिवाय येऊ नये

मुलींच्या वसतिगृहातल्या रेक्टरबाई दिसण्याआधी ऐकू यायच्या. काळे, पुढे निमुळते, ठोकळ्या टाचेचे बूट आणि टाचेला लोखंडी नाल. खालच्या मजल्यावर त्यांच्या खोलीचं दार उघडलं की पहिली टक् वाजे. मग जिना. जिन्याच्या वळणावर जरा शांतता, कारण तिथे बाई दम घेत आणि चष्मा पुसत. मग वरचा लांब व्हरांडा, त्याच्या एका अंगाला ओळीने खोल्या, आणि खोल्यांत नर्सिंग शिकणाऱ्या मुली.

नवी मुलगी आली की पहिल्याच संध्याकाळी जुन्या मुली तिला कॉटवर बसवून डोळे मिटायला लावत.

"ऐक. ही दाराची. ही जिन्याची. आता थांबली. म्हणजे काय?"

"वळण."

"वळण म्हणजे?"

"चष्मा."

"आणि चष्मा म्हणजे?"

"इस्त्री बंद, पाव गादीखाली, केस मागे, पुस्तक सुलट."

एवढं तोंडपाठ झालं की मुलगी वसतिगृहाची झाली. हाडांची नावं मागाहून पाठ झाली तरी चालत.

बाईंना यातलं काहीही ठाऊक नव्हतं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण त्या साळसूदपणाचा आव आणत होत्या असं कुणाला वाटायचं. त्यांचा खरोखरच असा समज होता की जगातल्या सगळ्या सरळ वळणाच्या मुली नेमक्या आपल्याच वसतिगृहात येऊन पडतात. रविवारी फोनवर धाकट्या भावाला त्या हे ऐकवत असत.

"आमच्याकडे कधीही जा, पोरींचं डोकं पुस्तकात."

"कधीही म्हणजे तू कधी जातेस, ताई?"

"रोज संध्याकाळी."

"आणि त्यांना कळत नाही तू येतेयस ते?"

"कळायला मी काय दवंडी पिटत जाते?"

भाऊ विषय बदलत असे. ताईचे बूट त्याने ऐकलेले होते.

बूट बाईंनी स्वतःच्या हौसेने घेतलेले नव्हते. त्यांच्या आधीच्या रेक्टरबाई निवृत्त होताना किल्ल्यांचा जुडगा हातात ठेवून म्हणाल्या होत्या, "बाकी सगळं तुझं तू शिकशील. बूट मात्र वाजणारे घे." का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. दरारा बसावा म्हणून, असा सरळ अर्थ यांनी घेतला. कोपऱ्यावरच्या चांभाराकडून नाल मारून आणला आणि तो झिजला की नवा मारून घेत राहिल्या. दर महिन्याला संस्थेच्या कार्यालयात तोंडी कळवायचं असे, खोल्यांमध्ये काय गैर आढळलं. बाईंचं उत्तर ठरलेलं. काही नाही. वार्षिक समारंभात वसतिगृहाच्या शिस्तीचं कौतुक व्हायचं, तेव्हा त्या पहिल्या रांगेत पाय जुळवून बसायच्या.

आता निवृत्तीचं वय झालं होतं. संस्थेच्या मनात आलं तर मुदतवाढ मिळायची, आणि बाईंना ती हवी होती. पगारासाठी म्हणण्यापेक्षा खोलीसाठी. रेक्टरची खोली म्हणजे एक पलंग, एक ओटा, आणि मागे चार भिंतींतलं छोटं अंगण. अंगणात एक नळ, एक लिंबाचं झाड आणि कुणी न विचारता बसता येईल अशी दगडी पायरी. ही खोली सुटली तर भावाकडे माडीवर राहायचं. भावजय वाईट नव्हती. ती फक्त प्रत्येक वाक्याच्या शेवटी "तुमचं आपलं बरं आहे" म्हणायची. सुट्टीत आठवडाभर ते ऐकणं वेगळं आणि जन्मभर ऐकणं वेगळं.

अशा ऐन वेळी टाच दुखायला लागली.

सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेत कुणीतरी खिळा ठोकतंय असं वाटे. बाईंनी आधी दुर्लक्ष केलं, मग शेक दिला, मग बुटात कापूस घातला. शेवटी इस्पितळातल्या पायांच्या डॉक्टरणीकडे गेल्या. डॉक्टरीण तरुण होती. तिने बाईंचा पाय मांडीवर घेतला आणि बराच वेळ नुसता पाहिला.

"काकू, ही बोटं अशी एकमेकांवर का चढलीत?"

"बुटात जागा नाही म्हणून."

"मग बूट कुणाच्या मापाने घेतलेत?"

डॉक्टरणीने ते बूट बंद करायला लावले. घरात अनवाणी चालायचं, हळूहळू वाढवायचं, आणि बाहेर लागलेच तर पातळ तळाचे, टाच नसलेले, पुढे ऐसपैस असलेले बूट घालायचे. "पायाला जमीन कळू दे जरा," ती म्हणाली. "इतकी वर्षं त्याला कुणी विचारलंच नाहीये."

तसले बूट बाईंनी आणले. मोज्याला रबराचा मुलामा दिल्यासारखे ते दिसत, घडी करून खिशात जात आणि नेहमीच्या दोन जोडांएवढे महाग होते. भाऊ म्हणाला, "ताई, अनवाणी चालायला पैसे पडतात हे मला आजच कळलं." बाई ते कोपऱ्यावरच्या चांभाराला दाखवायला घेऊन गेल्या. त्याने उलटेपालटे केले, तळव्यातून बोट दाबून पाहिलं.

"हे बूट आहेत की बुटाचं साल?"

"डॉक्टरणीने सांगितलंय."

"सांगू दे. पण नाल कुठे मारू? आरपार जाईल, तुमच्या पायाला बसेल."

"नाल नकोच आहे आता."

चांभाराने ते परत दिले आणि खाली मान घालून विचारलं, "बाई, माझं काही चुकलं का?"

तेव्हा बाईंनी त्याचं समाधान केलं खरं. पण पुढच्या आठवड्यात त्या त्याच्यासमोरून अनवाणीच भाजी आणायला गेल्या. त्याने तोंड फिरवून घेतलं.

कारण बाईंना अनवाणी चालण्याची चटक लागली होती. आधी खोली, मग अंगण. अंगणातली फरशी सकाळी गार आणि झाडाखालची माती त्याहून गार. तळव्याला सुरुवातीला खडे बोचले, मग तळवा शहाणा झाला, खडा दिसायच्या आत बाजूला सरकू लागला. त्यांना नवनवे शोध लागत गेले. वळणाच्या अलीकडची पायरी कायम कोमट असते, कारण तिच्यामागून गरम पाण्याचा पाइप जातो. कार्यालयासमोरची फरशी गुळगुळीत दिसते पण चालताना खरखरते. या इमारतीत आपण अर्धं आयुष्य काढलं आणि तिला अजून हातही, म्हणजे पायही, लावलेला नव्हता, असं त्यांना वाटलं. टाचेतला खिळा हळूहळू बोथट होत गेला.

लोक बोललेच. भाजीवाली म्हणाली, "बाई, चप्पल तुटली का? माझी घालून जा, उद्या द्या." टपाल कार्यालयातल्या बाकावर शेजारच्या बाईने आपली पिशवी हळूच पलीकडच्या बाजूला घेतली. भाऊ तर फोनवर चिडलाच.

"ताई, लोक मला नावं ठेवतील. बहिणीला साधी चप्पल घेऊन देत नाही म्हणतील."

"तुझ्या गावच्या लोकांना माझे पाय इथे दिसतात?"

"अशा गोष्टी पोचतात."

रस्त्यावर होतं तोवर ठीक होतं. मग एका संध्याकाळी, बूट घालण्याचा कंटाळा आला म्हणून, बाई तशाच वर निघाल्या. दाराला टक् नाही, जिन्यावर टक् नाही. वळणावर त्यांनी सवयीने चष्मा पुसला, पण तो कुणाला ऐकू येण्यासारखा नव्हता.

पहिल्या खोलीचं दार उघडंच होतं. टेबलावर इस्त्री उलटी ठेवलेली, तिच्या तापलेल्या पोटावर लोणी लावलेला पाव, आणि एक मुलगी तो पाव सुईणीने बाळ परतावं तितक्या काळजीने परतत होती. दुसऱ्या खोलीत एकजण पाय भिंतीला लावून डोकं कॉटच्या खाली लोंबकळत ठेवून झोपली होती. शरीरशास्त्राचं पुस्तक तिच्या पोटावर, आणि त्यावर मांजर. बाईंनी दोन्हीकडे पाहिलं. त्यांना राग यायलाही वेळ मिळाला नाही, कारण तिसऱ्या खोलीतून त्यांचाच आवाज येत होता.

आत मुली दाटीवाटीने बसल्या होत्या. मध्ये एक उंच, किडकिडीत मुलगी होती. सगळ्या वसतिगृहाच्या वतीने बोलायची ती हीच, म्हणून तिला पुढारीण म्हणत. तिने दोन्ही हातांत चमचे घेतले होते आणि टेबलावर ते टक्, टक्, टक् असे चालवत होती. मग तिने चमचे थांबवले, चष्मा पुसल्यासारखं केलं, आणि नाकातून म्हणाली, "मुलींनोऽ, केस!"

सगळ्या खिदळल्या. हळूहळू एकेकीचं हसू दाराकडे बघून थिजत गेलं. पुढारिणीची दाराकडे पाठ होती.

"हसा की. का थांबलात?" ती नाकातच म्हणाली. मग वळली.

पुढारिणीने बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग खाली पायांकडे, आणि तिच्या तोंडून जे निघालं ती माफी नव्हती.

"बाई, हे बरं नाही हं. वाजल्याशिवाय कसं यायचं?"

बाई तशाच खाली आल्या आणि अंगणातल्या पायरीवर बसल्या. आवाज अगदी हुबेहूब काढला होता, हे त्यांना मान्य करावं लागलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चंग बांधला. रोज अनवाणी आणि रोज वेगळ्या वेळी फेरी. इस्त्रीवर पाव, इस्त्रीवर अंडं, गादीखाली पत्ते, कपाटात मांजर आणि मांजराची नवी पिल्लं. महिनाअखेरीला त्या कार्यालयात गेल्या आणि नेहमीच्या "काही नाही"च्या जागी त्यांनी सगळं सांगितलं. अभिमानाने सांगितलं. कामात इतका हुरूप त्यांना कित्येक वर्षांत आला नव्हता.

ऐकणारे होते संस्थेचे नवे चिटणीस. आधी एका कारखान्यात कामगारांची हजेरी बघायचे. त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"म्हणजे आजवर काहीच नव्हतं, आणि या महिन्यात हे एवढं?"

"हो!" बाई म्हणाल्या.

"बाई, वय झालं की पकड सुटते. यात लाजण्यासारखं काही नाही."

"अहो, पण पकडलंय मीच!"

"पकडलंय म्हणजे घडलंय," चिटणीस शांतपणे म्हणाले. "पूर्वी घडत नव्हतं."

पूर्वीही घडत होतं, एवढं म्हणायची सोय नव्हती. मग इतकी वर्षं तुम्ही काय बघत होतात, हा पुढचा प्रश्न होता. मुदतवाढीचं काय करायचं ते समिती स्वतः येऊन, न कळवता, बघून ठरवेल असं चिटणीसांनी सांगितलं.

स्वयंपाकघरातल्या मावशींना दोन्ही बाजूंची खबर असायची. चिटणीसांना चहा त्याच द्यायच्या आणि मुलींना पाव त्याच पुरवायच्या. त्या बाईंना म्हणाल्या, "झाकली मूठ होती बाई. तुम्ही एकेक बोट उघडून दाखवलंत."

"मग काय खोटं सांगायचं होतं?"

"खोटं कशाला? बूट घालायचे होते."

बाईंनी त्या संध्याकाळी बूट घालून पाहिले. अंगणाच्या दारापर्यंत गेल्या आणि पायरीवर बसून ते काढले. टाचेतला खिळा तिथेच होता, टपून बसलेला. म्हणजे बूट घालावे तर टाच जाते, आणि न घालावे तर खोली.

वर मुलींचंही सुख संपलं होतं. कुणी मोकळेपणी हसेना. अभ्यास मात्र वाढला नाही, कारण सगळ्यांचा वेळ दाराकडे बघण्यात जाई. त्यांनी उपाय करून पाहिले. आधी व्हरांड्यात साखर पसरली, पायाखाली कुरकुरेल म्हणून. बाईंच्या तळव्याला ती जिन्यावरूनच कळली आणि त्या भिंतीकडेने आल्या. साखर कुणी झाडली नाही. तिला मुंग्या लागल्या, तांबड्या, आणि त्यांनी व्हरांड्याच्या मधोमध फरशीच्या फटीत संसार थाटला. मग पुढारीण स्वतः खाली आली. अंगणाच्या दारात उभी राहिली.

"बाई, एक विनंती होती. बूट घाला ना परत."

"टाच दुखते."

"मग खोकत या."

"मला खोकला नाही."

"गाणं म्हणत या."

"मला गाणं येत नाही."

"ते तर उत्तमच. लांबून कळेल."

बाईंना हसू आलं होतं, पण त्यांनी ते लिंबाच्या झाडाकडे बघून घालवलं. "समिती येणार आहे," त्या म्हणाल्या. "न कळवता. त्यांना जे दिसेल त्यावर माझी खोली जाईल की राहील ते ठरेल. तेव्हा मला शहाणपण शिकवण्यापेक्षा इस्त्रीने कपडे इस्त्री करा."

पुढारीण वर गेली.

चार दिवसांनी वळणावर बाई चष्मा पुसायला थांबल्या आणि पायाखाली खडक् झालं. फरशी डुगडुगत होती. त्यांनी वाकून पाहिलं. चारही बाजूंचं सिमेंट कुणीतरी कोरून काढलं होतं आणि एका कोपऱ्याखाली खडा सरकवलेला होता. नेमकी तीच फरशी, जिच्यावर त्या रोज उभ्या राहत. काम सफाईचं होतं. शस्त्रक्रियेचा चिमटा वापरला असावा.

बाईंनी गवंड्याला निरोप पाठवला. तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात येतो. तोवर त्या फरशी ओलांडून जाऊ लागल्या. आपल्याला कुणी असं वाजवून घ्यावं हे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

गवंड्याच्या आधी समिती आली. समिती म्हणजे चिटणीस आणि अध्यक्षीणबाई. अध्यक्षीणबाई म्हणजेच त्या जुन्या रेक्टरबाई, किल्ल्या देऊन गेलेल्या. आता गुडघे गेलेले, हातात जाड काठी, आणि काठीचा आवाज असा की फाटकापासून मावशींना चहाचं आधण ठेवायला सुचावं. पण त्या दिवशी मावशी बाजारात गेल्या होत्या. वर आज इस्त्री तापलेली असणार हे बाईंना वेळेवरून कळत होतं.

जिन्याखाली चिटणीस थांबले, वाकले आणि त्यांनी बूट काढले. नीट जोडीने भिंतीला लावून ठेवले.

"तुमचीच युक्ती, बाई," ते कुजबुजले. "अनवाणी. मला फार आवडली." त्यांच्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला होता. मग त्यांनी अध्यक्षीणबाईंकडे हात केला. "काठी मला द्या. मी वर नेतो. आवाज नको."

"काठीशिवाय मी पडेन."

"बाई धरतील ना तुम्हाला."

त्यांनी काठी काखोटीला मारली आणि चवड्यांवर जिना चढू लागले. मागून रेक्टरबाई, आणि त्यांच्या दंडाला धरून अध्यक्षीणबाई. तिघांपैकी कुणाचाच आवाज नव्हता. कोमट पायरी आली आणि गेली. वरून लोणी तापल्याचा वास यायला लागला होता, अजून अगदी पुसट.

वळणावर अध्यक्षीणबाई दमून थांबल्या. बाईंच्या उजव्या पायासमोर ती फरशी होती. चिटणीस तिच्या पलीकडून, कठड्याच्या बाजूने गेले होते. बाईंना दोन गोष्टी दिसत होत्या. एक, समितीला खरं ते बघू द्यावं, हे बरोबर. दोन, लिंबाचं झाड. भावजयीचा आवाजही आला कानात.

त्यांनी पाय ठेवला. खडक्.

चिटणीसांनी वळून ओठांवर बोट ठेवलं.

"फरशी सैल झालीये," बाई म्हणाल्या, जराशा मोठ्याने.

"कुठली?" अध्यक्षीणबाईंनी त्याहून मोठ्याने विचारलं.

"ही." खडक्.

"ही का?"

"ही नाही, ही." खडक्, खडक्.

"अहो, पाय काढा!" चिटणीस दात आवळून म्हणाले.

"काढते की," म्हणत बाईंनी पाय काढला, आणि काढताना फरशी सगळ्यात मोठ्याने वाजली.

वर पळापळ झाली ती जेमतेम ऐकू आली. मुली तयारीच्या होत्या. तिघं व्हरांड्यात पोचली तेव्हा पहिल्या खोलीत इस्त्री उभी होती आणि तिच्या बाजूला गणवेशाचा एप्रन घडी करून ठेवलेला होता. दुसऱ्या खोलीत पाय जमिनीवर होते आणि डोकं वर. तिसऱ्या खोलीत पुढारीण मणक्याची हाडं क्रमाने म्हणत होती आणि बाकीच्या माना डोलवत होत्या. सगळ्यांचे केस मागे होते. चिटणीसांनी नाक फेंदारलं.

"हा वास कसला?"

अध्यक्षीणबाईंनी एक दीर्घ श्वास घेतला. "वसतिगृहाला हाच वास असतो. माझ्या वेळीही होता."

चिटणीसांचं समाधान झालं नाही. त्यांनी हाताने सगळ्यांना थांबायची खूण केली, चवड्यांवर व्हरांड्याच्या मध्यापर्यंत गेले, आणि एका बंद दाराला कान लावून अगदी स्तब्ध उभे राहिले. ती जागा साखरेची होती. मुंग्यांनी बाहेर आलेल्या अंगठ्यापासून सुरुवात केली.

चिटणीस ओरडले तो आवाज पार स्वयंपाकघरापर्यंत गेला. काठी हातातून सुटली, एक पाय धरून ते दुसऱ्यावर नाचले, मग पाय बदलले. दारं उघडली. नर्सिंगच्या मुली त्या, धावल्याच. एकीने मोजा ओढला, एकीने थंड पाण्याची पट्टी आणली, तिसरीने खुर्ची दिली, आणि पुढारीण त्यांच्या पायाशी बसून गंभीरपणे म्हणाली, "सर, बूट घालून यायला हवं होतं."

थोड्या वेळाने चिटणीस खालच्या कार्यालयात पाय बादलीत घालून बसले होते आणि दोघी बायका अंगणात. अध्यक्षीणबाईंनी पायरीवर बैठक मारली आणि काठी आडवी ठेवली.

"मी तुला काय सांगितलं होतं जाताना?"

"बूट वाजणारे घे."

"कशाला, असं वाटलं तुला?"

"पोरींना धाक बसावा म्हणून."

"अगं, धाक कसला!" अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "आपल्याला दिसू नये म्हणून. या वयाच्या पोरी, एवढा अभ्यास, एवढी ड्युटी. सगळं बघत बसलीस तर रोज दोघींना हाकलावं लागेल. आणि मग शिकवायचं कुणाला, भिंतींना?"

"तुम्ही तेव्हा का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू मुद्दाम वाजवले असतेस. मुद्दाम वाजवलेलं पोरींना लगेच कळतं. तू मनापासून वाजत होतीस."

बाईंनी आपल्या पायांकडे पाहिलं. बोटं आता एकमेकांपासून सुटी झाली होती. "म्हणजे इतकी वर्षं मी काहीच केलं नाही?"

"वाजलीस की," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "तेवढंच काम होतं, आणि चोख केलंस." मग त्यांनी काठी उलटी करून टोक दाखवलं. लाकूड उघडंच होतं. "याला रबर होतं. मीच काढून टाकलं. संध्याकाळी सुनेच्या खोलीवरून जाते मी. घरात शांतता आहे ती या लाकडामुळे."

मुदतवाढ मिळाली. चिटणीसांनी विरोध केला नाही. विरोध करताना व्हरांड्यात काय झालं ते सांगावं लागलं असतं. त्यांनी फक्त मुंग्यांची पावडर पाठवली.

गवंडी पुढच्या आठवड्यात आला, म्हणजे त्याच्या हिशोबाने वेळेवर. बाईंनी त्याला स्वयंपाकघराचा ओटा दाखवला, वरच्या न्हाणीघराची एक चीर दाखवली. जाताना त्याला वळणावर पायाखाली फरशी लागली.

"ही राहिली, बाई. लगेच बसवतो."

"तिला हात लावायचा नाही."

"कुणाचा पाय मुरगळेल."

"इथे राहणाऱ्यांचा नाही मुरगळणार," बाई म्हणाल्या. "बाहेरच्यांनी वाजवूनच यावं."

कोपऱ्यावरच्या चांभाराशीही त्यांनी समेट केला. जुने नालाचे बूट त्याला देऊन टाकले. त्याने ते टपरीच्या वर टांगून ठेवलेत, नमुना म्हणून. पातळ बूट फक्त वार्षिक समारंभाला निघतात, पहिल्या रांगेत बसायला. भाऊ अजून विचारतो, "ताई, पायात काही आहे का?" बाई म्हणतात, "पाय आहेत."

संध्याकाळी त्या अनवाणी वर जातात. कोमट पायरीवर जरा रेंगाळतात, मग वळणावर फरशीवर उभ्या राहून चष्मा पुसतात. खडक् होतं. वरून सरसर, खुडबुड, एखादं "अगं, गादीखाली!" ऐकू येतं. सगळं शांत झालं की बाई पुढे जातात. महिनाअखेरीला चिटणीस विचारतात आणि बाई पूर्वीसारखंच सांगतात, काही नाही.

फक्त अधूनमधून, कधी ते त्या आधी कुणालाच कळू देत नाहीत, बाई फरशी ओलांडून जातात. ज्या खोलीत सापडेल तिथे दंड म्हणून अर्धा पाव. लोणी लावलेल्या बाजूचा.